भट्टीवरची सहा नावं

हिंगणा रोडवर आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर एक चहाची टपरी आहे. तिथे संपाचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, गजभियेमामानं पाच जणांना सोडवलं. दुसरा म्हणतो, गजभियेमामानं एकाला आत घातलं. दोन्ही खरं आहे, त्यामुळे भांडण काही मिटत नाही आणि टपरीवाल्याचा चहा खपत राहतो. गेल्या महिन्यात एका नव्या इंजिनिअरनं मला विचारलं, "मॅडम, तो संप नेमका झाला तरी कशावरून?" मी त्याला ठेकेदारीचं सांगितलं, नोटिशीचं सांगितलं, टाळेबंदीचं सांगितलं. तो मान डोलावून गेला. घरी आल्यावर लक्षात आलं की एवढं बोलताना मी मामांचं नाव घेतलंच नव्हतं. टाळलंच होतं खरं तर, आणि त्याची मला लाज वाटली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

भंगार वितळवून पोलादाच्या लांब कांड्या पाडायच्या, हा आमच्या कारखान्याचा धंदा. मी तिथे केमिस्ट म्हणून लागले. माझी लॅब भट्टीच्या मंचाच्या अगदी खाली होती. खिडकी उघडी ठेवली की वरचं सगळं ऐकू यायचं. माल तयार होत आला की पळीभर नमुना खाली माझ्याकडे यायचा, मी तो तपासून निकाल सांगायचे आणि रजिस्टरात वेळ लिहायचे. मग वर भट्टी कलवून माल लॅडलमध्ये, म्हणजे खालच्या खड्ड्यात ठेवलेल्या भल्यामोठ्या बादलीत, सोडायचे. हे सगळं ज्यांच्या शब्दावर चाले ते आमचे मेल्टर, उकंडराव गजभिये. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. मालकाचा मुलगाही म्हणायचा.

माणूस बुटका, काटक. तीस वर्षं भट्टीकडे एकच बाजू करून उभं राहिल्यानं चेहऱ्याची डावी बाजू तांब्यासारखी झालेली आणि डाव्या भुवईला केसच नाहीत. खिशात कायम एक निळी काच. त्या काचेतून भट्टीत डोकावून ते मालाची तब्येत सांगायचे आणि माझं मशीन पाच मिनिटांनी तेच सांगायचं. मला आधी याचा राग यायचा, मग सवय झाली. ठिणगी पडली की दुसरं कापड अंगाला चिकटतं, म्हणून सुती कपड्यांशिवाय कुणाला मंचावर येऊ द्यायचे नाहीत. नवा माणूस आला की त्याच्या बाहीचं कापड चिमटीत चोळून बघायचे. संजय त्यांच्या मुलीला, वंदनाला, बघायला आला तेव्हाही त्यांनी आधी त्याचा शर्ट चोळला होता म्हणे. पोरगा पसंत पडला, शर्ट नापसंत. पुढे संजय त्यांचा जावईही झाला आणि भट्टीवरचा हेल्परही.

मी इतवारीतल्या भांडीवाल्याची मुलगी, हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमचे बाबा भांडं इकायच्या आंधी काय करते?"

"टिचकी मारून बघतात."

"कायले?"

"तडा गेलेला असला तर आवाज बद्द येतो."

"मंग तुमाले जास्त काही सांगा लागत नाही," ते म्हणाले आणि गेले. काय सांगायचं होतं ते मला पुढच्या माल सोडायच्या वेळी कळलं.

भट्टी कलवायच्या आधी मामा हाजरी घ्यायचे. लिव्हरवर हात ठेवून, मंचावरच्या सहा जणांची नावं एकेक करून, आडनावासकट, खणखणीत. प्रत्येकानं आपापल्या जागेवरून "हाव" म्हणायचं. सहा हाव आले की लिव्हर ओढायचा. एखाद्याचा हाव आला नाही तर मामा ते नाव दुसऱ्यांदा घेत नसत. लिव्हरवरचा हात काढून छातीशी घडी घालायचे आणि थांबायचे. भट्टीत माल खदखदतोय, क्रेनवाला वरून शिव्या घालतोय, शिफ्ट इंजिनिअर घड्याळ दाखवतोय, मामा गप्प. तो माणूस कुठून तरी धावत यायचा, धापा टाकत "हाव" म्हणायचा, मगच पुढचं नाव.

आमच्या कारखान्यात एकमेकांची हजेरी लावणं ही काही चोरी समजत नसत. सकाळी फाटकावर दोस्ताचं कार्ड पंच करायचं, हजेरीला त्याच्या नावावर ओ द्यायची, ही यारी होती. न करणारा माणूस माजलेला समजला जायचा. फक्त भट्टीच्या मंचावर ही यारी बंद. "ज्याचं नाव त्याचा आवाज," मामा म्हणायचे. "दुसऱ्यानं तोंड उघडलं का त्यानं उद्यापासून भट्टीवर येऊ नये." एकदा जेवणाच्या सुट्टीत मी यामागचं कारण विचारलं. त्यांनी डबा बाजूला सारला. आधीच्या कारखान्यात देवराव म्हणून एक जण होता. लॅडलच्या खड्ड्यात उतरून मळी काढत होता. वर हाजरी झाली, त्याच्या नावावर दुसऱ्याच कोणीतरी हाव म्हटलं आणि भट्टी कलली. एवढंच सांगून त्यांनी डबा परत पुढ्यात ओढला आणि भाकरी संपवली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कारखान्याबाहेरही सुटत नसे. एका वर्षी कंपनीची सहल रामटेककडे गेली होती. परतताना मामा बसच्या दारात उभे राहून नावं घेऊ लागले. आमचे पर्सोनेल ऑफिसर जोगळेकर साहेब पुढच्या सीटवर पेपर वाचत होते. त्यांच्या पत्नीचं नाव आलं तसं त्यांनी पेपरातून मान वर न करताच "हाव" म्हटलं. बस हसली. मामा हसले नाहीत.

"साहेब, बाईचा आवाज द्या."

"अहो मामा, आहे ती मागे."

मामा पायरीवर बसले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला. साहेब वैतागून मागे गेले आणि पांढरे होऊन परत आले, कारण बाई बसमध्ये नव्हत्याच. दहा मिनिटांनी त्या पदरात सीताफळं घेऊन रस्त्यावरून येताना दिसल्या. मामांनी त्यांचं नाव परत घेतलं नाही, नुसतं बघितलं. बाई लाजून "हाव" म्हणाल्या आणि अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. जोगळेकर साहेबांनी सगळ्यांना सीताफळं वाटली. पुढे कितीतरी दिवस ते मामा दिसले की लांबूनच हात वर करून "हाव" म्हणायचे. हे मी मुद्दाम सांगते आहे. संपाच्या गोष्टीत जोगळेकर साहेब येतात ते फक्त नोटिशीखालची सही म्हणून, आणि तो माणूस तेवढाच नव्हता.

सही मात्र त्यांचीच होती. भट्टीवर आठ-आठ, दहा-दहा वर्षं काढलेली माणसं कागदावर ठेकेदाराचीच राहिली होती. त्यांना कायम करा, ही मागणी. दोन महिने गेट मीटिंग, काळ्या फिती, घोषणा चालल्या. वरून हुकूम आला आणि एका दुपारी फाटकावर यादी लागली. चाळीसेक नावं, उद्यापासून कामावर येऊ नये. त्यात विलास नागपुरेचं नाव होतं. विलास मामांच्या सहा जणांतला, नमुन्याची पळी धरणारा. हसतमुख पोरगा, घरात एकटी आई. रोज गरम नमुना चिमट्यात धरून माझ्याकडे आणायचा आणि "मॅडम, पास करा बाप्पा" म्हणायचा. युनियननं ठरवलं, त्याच दिवशी चारच्या भोंग्याला हत्यारं खाली, काम बंद.

चारचा भोंगा झाला. रोलिंग मिलचा खडखडाट थांबला, क्रेन थांबली. इतकी शांतता मी त्या कारखान्यात कधी ऐकली नव्हती, आणि तिचीच मला भीती वाटली. भट्टी मात्र भरलेली होती. युनियनचे पुढारी मंचाच्या पायऱ्यांशी आले. मामा वरूनच बोलले, "भट्टीत माल हाय. जमला तं भट्टी मेली. संप उद्या मिटन, परवा मिटन, मंग कामाले कुठं यान? मले अर्धा घंटा द्या." पुढाऱ्यांनी आपसात बघितलं आणि अर्धा तास दिला. एवढा माल सोडण्यापुरती क्रेनही चालू झाली.

तेवढ्यात फाटकाकडून आरडाओरड ऐकू आली. कंपनीनं बाहेरची माणसं भरून दोन बस आणल्या होत्या. आधी काचा फुटल्याचा आवाज, मग एकाच वेळी शेकडो माणसांचा. खिडकीतून बघितलं तर फाटकावर काळा धूर चढत होता, बस पेटवली होती. माझ्याबरोबरचा शिपाई पळून गेला. मी दाराला कडी घातली आणि उघडली, कारण नमुना येणार होता.

नमुना आला. संजय घेऊन आला होता.

"विलास कुठंय?" मी विचारलं.

"वर हाय मॅडम. तुमी लौकर करा."

मी निकाल सांगितला आणि वेळ लिहिली, चार एकतीस. मग वरून मामांचा आवाज आला. बाहेर तो गोंधळ, आणि हा माणूस रोजच्याच सुरात नावं घेत होता. एक हाव. दुसरा हाव. संजयचा हाव. मग, "विलास नागपुरे." हाव. त्यानंतर मामा थांबले. फार नाही, एका श्वासाएवढं. त्यांच्या हाजरीत असा खंड मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी उरलेली दोन नावं घेतली, दोन हाव आले आणि लिव्हर ओढल्याचा आवाज झाला. माल सुटला तेव्हा चार छत्तीस झाले होते.

त्याच पाच-सात मिनिटांत फाटकाजवळच्या टाइम ऑफिसचं दार तोडून जमावानं जोगळेकर साहेबांना बाहेर ओढलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात त्यांचा जीव गेला.

पुढचं सगळं फार भरभर झालं. पोलीस आले, लाठ्या चालल्या, कोणाचे हात मोडले, कोणाची डोकी फुटली. कंपनीला आठ महिने टाळं लागलं. संप मोडला आणि यादीतल्यांपैकी एकही माणूस परत आला नाही. पोलिसांनी त्या पाळीच्या हजेरीवरून युनियनची माणसं उचलली. मामांची सहाच्या सहा त्यात गेली. त्यांना वाचवणारी एकच गोष्ट होती. साहेबांना मारलं तेव्हा हे सहा भट्टीवर होते, हे मामा सांगणार होते आणि माझं रजिस्टर त्याला वेळेचा पुरावा देणार होतं.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. तोवर सहाही जण जामिनावर होते. विलास इतवारीत हमाली करायचा. आमच्या दुकानासमोरूनच त्याची हातगाडी जायची. एकदा मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "मॅडम, मी हात नाही लावला. देवाशपथ नाही लावला. पन मी उभा होतो तिथं. साहेब माह्याकडं पाहून राहिले होते." पाणी न पिताच गाडी ओढत निघून गेला. माझ्या मनात जी गोष्ट मी चार वर्षं दाबून ठेवली होती, ती त्यानं रस्त्यात उभं राहून सांगून टाकली.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी नंदनवन वस्तीत मामांच्या घरी गेले. दारातच विलासच्या आईची चप्पल होती. आत ती खाली बसलेली, मामा खुर्चीत, वंदना चौकटीला टेकून उभी.

"जास्त काही बोलू नका भाऊ," आई म्हणत होती. "सहा होते, एवढंच सांगा. एक शबद. माह्या पोराचा जीव त्या एका शब्दात हाय."

मामा खिशातली निळी काच काढून पुसत होते. वंदना म्हणाली, "बाबा, बोला ना. त्यायले हाव तं म्हना." मामांनी काच परत खिशात घातली. "वंदना, च्या ठेव वं," एवढंच म्हणाले. बाई चहा न पिता उठली. मीही तिच्यामागून निघाले. पण घरी येताना माझी खात्री होती की ते सहा म्हणणार. सगळेच म्हणणार होते. मीही म्हणणार होते.

कोर्टात माझी साक्ष आधी झाली. मी वेळ सांगितली, रजिस्टर दाखवलं. किती हाव ऐकलेत, असं विचारलं. सहा, मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. नमुना रोज कोण आणायचं आणि त्या दिवशी कोणी आणला, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मामा. मागच्या बाकावर जोगळेकरबाई बसल्या होत्या. पिंजऱ्यात चढण्याआधी मामांनी त्यांना हात जोडले. आरोपींच्या वकिलांनी मोजून दोन प्रश्न विचारले. नावं किती घेतली? सहा. हाव किती आले? सहा. वकील समाधानानं खाली बसले. मी सोडलेला श्वास मला अजून आठवतो.

सरकारी वकील उठले.

"धूर होता, भट्टीचा उजेड डोळ्यांवर होता. तुम्हाला माणसं दिसत होती का?"

"नाही दिसत."

"मग सहा जण होते, हे कशावरून सांगता?"

"सहा होते, असं मी म्हटलंच नाही साहेब," मामा म्हणाले. "तुमी हाव इचारले, मी हाव सांगतले. हाव सहा आले. आवाज पाच होते."

विलासच्या आईनं तोंडावर पदर धरला. मामा पुढे बोलले. "विलासच्या नावावर जो हाव आला, तो माह्या जावयाचा होता. संजयचा."

सरकारी वकिलांना आता सगळंच घर पाडायचं होतं. ज्या हजेरीत एक हाव खोटा, तिथले बाकीचे खरे कशावरून? नुसत्या आवाजावरून माणूस ओळखू येतो, यावर कोर्टानं का विश्वास ठेवावा? मामा म्हणाले, "पाहून घ्या ना मंग." न्यायाधीशांनी परवानगी दिली. मामांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. न्यायाधीश स्वतः एकेका आरोपीकडे बोट करत होते, ज्याच्याकडे बोट तो हाव म्हणत होता, आणि मामा भिंतीकडे बघत आडनावासकट नाव सांगत होते. एक. दोन. तीन. चौथा संजय होता. त्याचा हाव नीट उमटलाच नाही, पण मामांनी नाव घेतलं. पाच. मग न्यायाधीशांनी विलासकडे बोट केलं.

विलास बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. त्याचा वकील उठून काहीतरी म्हणू लागला. मामांनी भिंतीकडे बघतच छातीशी हाताची घडी घातली आणि थांबले. कितीतरी वेळ ते तसे थांबले. शेवटी म्हणाले, "हा विलास असन. त्या दिवशीही असाच होता. बोलला नाही."

पाच जण निर्दोष सुटले. ज्यानं स्वतःच्या जावयाचं खोटं लपवलं नाही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं निकालात होतं. विलास फाटकावरच्या इतरांबरोबर आत गेला. सात वर्षं.

सुटलेल्या पाचांपैकी एकानंही मामांकडे बघितलं नाही. संजयनं महिनाभरात घर आवरलं आणि वंदनाला घेऊन काटोलला निघून गेला. तिथे संत्र्याच्या मंडीत कामाला लागला. वंदनानं बापाला फोनवर सांगितलं म्हणे, माझ्या नवऱ्याचं नाव भर कोर्टात घेतलं, आता माझं नाव घेऊ नका. वस्तीत लोक दलाल म्हणू लागले. विहारात मामा बसले की शेजारची सतरंजी रिकामी राहायची. ज्या कंपनीनं एवढं केलं तिनं त्यांना सत्काराला बोलावलं, तिथे ते गेले नाहीत. निवृत्तीचा पेढासुद्धा त्यांनी कोणाला वाटला नाही.

मीसुद्धा गेले नाही. वर्षभर नाही. मला त्यांचा राग आला होता आणि तो पुरता गेला आहे, असं मी आजही म्हणणार नाही. एका शब्दानं सगळी सुटली असती. विलासनं हात लावला नव्हता. मी असते तर खोटं बोलले असते. अर्धं बोललेच होते.

शेवटी गेले ते भांडायलाच. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भट्टीवाल्यांना तो लवकर येतो आणि त्यांनी ऑपरेशन लांबवत नेलं होतं. मला त्यांनी पायरव ऐकूनच ओळखलं. "या मॅडम. तुमीच राहिल्या होत्या शिव्या द्याच्या."

मी दिल्या. काहून बोललात, काय मिळालं, असं सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "देवरावची गोष्ट सांगतली होती तुमाले?"

"सांगितली होती. कोणीतरी त्याच्या नावावर हाव म्हटलं."

"मी म्हटलं होतं."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"चोवीस वर्षांचा होतो. देवराव माहा दोस्त. मले वाटलं, हा पानी प्यायले गेला असन, मेल्टर बोंबलन, म्हणून मी हाव म्हनून देलं. तो खालीच होता." त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही चिमटीत चोळली. "चौकशी झाली. साहेबानं इचारलं, हाव कोनाचा होता? आमी सारे म्हटलो, मालूम नाही. कोनाचं काही बिघडलं नाही. देवरावच्या बायकोनं मले सवताच्या हातानं च्या करून पाजला, दोस्त म्हनून."

मग ते माझ्याकडे वळले, माझ्या थोडंसं बाजूला बघत. "पन मॅडम, माही चूक कोर्टातली नोहोय. तुमी सारे तिथंच पाहून राहिले. माही चूक भट्टीवरची हाय. संजयचा आवाज मी तवाच ओळखला. विलास खड्ड्यात नाही, फाटकाकडं गेला, हेही समजलं. तरी मी लिव्हर ओढला. बाहेर आग पाहून घाबरलो. तीस वर्षांत एकदाच थांबलो नाही. मी हात काढला असता ना, तं संजय धावत गेला असता, त्याले धरून आनला असता. साहेब मेला तवा विलास भट्टीवर राह्यला असता. खराखुरा."

मी वंदनाच्या आईच्या फोटोकडे आणि त्याखाली ठेवलेल्या निळ्या काचेकडे बघत बसले.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले. भेटीच्या प्रत्येक दिवशी मामा जेलवर जायचे, हे मला शेजारणीनं सांगितलं. चिठ्ठीवर नाव लिहून आत पाठवायचे. आतून निरोप यायचा, भेटायचं नाही. मामा फाटकासमोरच्या झाडाखाली बसायचे आणि भेटीची वेळ संपली की उठायचे. विलासच्या आईनं सुरुवातीला त्यांना शिव्या दिल्या, मग बोलणं टाकलं, मग एकदा उन्हात बसलेले बघून पाण्याची बाटली शेजारी ठेवली आणि न बोलता आत गेली. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. विलास एकदाही भेटला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याची सुटका होती. मामा मला म्हणाले, "मले घेऊन चला. आता एकट्यानं रस्ता समजत नाही." सकाळचे दहा वाजले असतील. फाटकासमोर बरीच माणसं जमली होती, त्या दिवशी आणखीही काही जण सुटणार होते. विलासची आई पुढे होती. आम्ही मागे, झाडाशी. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. सुतीच. त्यांना आता उजेड आणि सावली यापलीकडे फार काही दिसत नव्हतं.

छोटं दार उघडलं. एकेक माणूस वाकून बाहेर येऊ लागला. गळाभेटी, रडणं, हाका असा गलका उठला. मला विलास दिसला. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. आईनं त्याच्या नावानं हाक मारत त्याला मिठी मारली. मी मामांना सांगणार होते, पण त्याआधीच त्यांनी माझा हात सोडला आणि दोन पावलं पुढे झाले.

"विलास नागपुरे."

तोच भट्टीवरचा आवाज, खणखणीत, आडनावासकट. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. विलास जागच्या जागी थांबला. आईच्या खांद्यावरून त्यानं मामांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे, बोल. एक ऑटोवाला मध्ये घुसला, हॉर्न वाजला. विलासनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आईनं त्याचा दंड धरून त्याला ऑटोकडे वळवलं.

मामांनी नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही. छातीशी हाताची घडी घातली आणि थांबले.

विलास ऑटोत बसला. आईही बसली. ऑटो सुरू झाला, हलला, आणि दहा पावलांवर जाऊन थांबला. आतून, अगदी हळू, आवाज आला.

"हाव."

ऑटो निघून गेला. गर्दी पांगली. मामा तसेच उभे होते. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला.

"त्याचाच होता," ते म्हणाले. "चला मॅडम."